गौराबाईचा लाल कोट

कोल्हापुरात थंडी पडत नाही असं म्हणणारा माणूस एक तर आठ वाजेपर्यंत लोळणारा असतो, नाहीतर त्याला दुसऱ्याची पोरं शाळेत पोचवायची नसतात. डिसेंबरात सकाळी सातला पंचगंगेकडनं जे धुकं वर चढतं, ते शुक्रवार पेठेतनं गंगावेशीपर्यंत असं दाटतं की समोरची म्हैस अंगावर येईस्तोवर दिसत नाही. मग हेच गाव दुपारी बाराला पंखा लावून बसतं आणि विचारतं, थंडी कुठाय? गौराबाईला अशा लोकांचा भारी राग. "सकाळच्याला या की माज्यासंगट," ती म्हणायची, "मग बोला."

गौराबाई पेठेतल्या एका मंडळाच्या बालवाडीत सेविका होती. सेविका हा कागदावरचा शब्द. काम म्हणाल तर घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, रांगेनं शाळेत आणायची, नाकं पुसायची, शी-शू बघायची, खाऊ वाटायचा, झाडलोट करायची आणि साडेदहाला ज्याचं पोर त्याच्या दारात परत नेऊन द्यायचं. पोरं बावीस. सगळ्यात मोठं पाच वर्षांचं. गौराबाईचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवरचं, त्यामुळं घरात कन्नड, रस्त्यावर मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम. पोरं तिला अव्वा म्हणायची. एकदोघींनी सुरुवातीला नाक मुरडलं, की अव्वा म्हणजे कानडीत आई, आमच्या पोरांना आई हाय की. गौराबाई म्हणाली, "मग तुमीच आणून सोडा शाळंला." त्यानंतर कुणी बोललं नाही.

तिची पोरं न्यायची एक रीत होती. सगळ्यात लहान पोर उजव्या हाताला. त्याच्या मागचं पोर तिचा पदर धरणार. त्याच्या मागचं त्याचा सदरा, त्याच्या मागचं त्याचा, अशी शेपटी लांबत जायची. सगळी भिस्त पदरावर. आठ वर्षं तिनं अशीच पोरं नेली आणि कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

पंच्याण्णव सालच्या डिसेंबरात खरचटलं.

त्या दिवशी गौराबाईनं शाल घेतली होती. मंडळानं सेविकांना दिवाळीला दिलेली, पातळ, नुसती नावाला. आता शालीचं असं असतं की ती आपण धरून ठेवली तरच अंगावर राहते. म्हणजे डावा हात शालीत अडकला. उजव्या हातात तीन वर्षांची मोना. पदराचं टोक विजयसिंहच्या मुठीत. हा विजयसिंह नावानंच सिंह, एरवी मांजरालाही भिणारं चार वर्षांचं पोरगं. मागं बाकीची शेपटी. गंगावेशीत दूध कट्टा आहे, तिथं म्हशी आणून गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून देतात. सात-आठ म्हशी मागनं कट्ट्याकडं निघाल्या होत्या. कुणा शहाण्यानं धुक्यात मोटरसायकलचा हॉर्न दाबला, पुढची म्हैस बिचकली आणि आडवी रांगेत शिरली. विजयसिंह पळाला, पण मूठ सोडायची नाही ही अव्वाची शिकवण, म्हणून पदर मुठीत घेऊनच पळाला. पदर खांद्यावरनं उतरला. शाल खाली पडली.

आणि गौराबाईचा हात पदराकडं गेला.

पोराकडं नाही, पदराकडं. पदर ओढून खांद्यावर घेतला, नीट बसवला, आणि मग वर बघितलं तर विजयसिंह दोन म्हशींच्या मधे गटारीच्या कडेला पालथा. त्याची पाण्याची बाटली म्हशीच्या पायाखाली सपाट झालेली, डोक्यापासनं वीतभर अंतरावर. म्हैस जनावर शहाणं, पाय बघून टाकते, म्हणून पोरगं वाचलं. हनुवटी सोलवटली, तेवढंच.

विजयसिंहच्या आईनं, चिमणाबाईनं, पोराच्या हनुवटीला हळद लावली आणि म्हणाली, "पोरगं म्हटल्यावर पडतंयच की. एवढं काय मनाला लावून घेताय?" तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर गौराबाईला बरं वाटलं असतं.  तिचा नवरा, रुद्राप्पा, लक्ष्मीपुरीत तेलाच्या दुकानात कामाला होता. तो दुपारी जेवायला आला तेव्हा गौराबाई भरल्या ताटासमोर तशीच बसलेली.

"पोरगं बरं हाय न्हवं? मग झालं की," रुद्राप्पा म्हणाला.

"माजा हात पदराला गेला, अहो. आधी पदराला गेला."

"बाईमाणसाचा हात पदराला जाणारच."

"आनि पोरगं?"

 रुद्राप्पानं आमटी वाढून घेतली.

गौराबाईनं पुढं दोन दिवस डोकं शिणवलं. आठ वर्षांची असल्यापासनं आईनं, आजीनं, सासूनं, देवळात बसलेल्या नको त्या म्हाताऱ्यांनी एकच सांगितलं होतं, पदर सांभाळ. तीस वर्षं शिकवलेला हात. त्याला आता चार दिवसांत काय शिकवणार? हात काही सुधारायचा नाही, हे तिनं स्वतःशी सरळ कबूल केलं. मग पदरच असा ठेवला पाहिजे की तो पडायचा प्रश्नच येऊ नये. स्वेटर तिच्याकडं होता, पण स्वेटर घातला तरी पदर वरनंच घ्यायचा, आणि पोरं धरणार पुन्हा तोच. तिला असं काहीतरी हवं होतं जे पदराच्या वरनं घालता येईल, बटणं लावली की आपलं आपण अंगावर राहील, दोन्ही हात मोकळे ठेवेल, आणि खाली गुडघ्यापर्यंत येईल, म्हणजे पोरांच्या हाताला लागेल. असं कपड्यांत एकच असतं. कोट.

तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं दर थंडीला शहरात लागतात, बांबू आणि ताडपत्रीची. शनिवारी पोरं सोडताना गौराबाईनं चिमणाबाईला आणि मोनाच्या आईला सांगितलं, "ह्या दोगांस्नी जरा घेऊन जातो. कोट बघायचाय."

"पोरांस्नी?"

"मला. पण पोरांबिगार कळायचं न्हाय."

दुकानात एक गोरीपान, गोल चेहऱ्याची बाई लोकर विणत बसली होती. गौराबाई सरळ पुरुषांच्या रांगेकडं वळली.

"लेडीज उधर है," ती बाई म्हणाली.

"म्हाईत हाय. ते बघितलं येतानाच." आणि खरंच तिनं बघितलं होतं. बायकांच्या रांगेत सगळं कमरेपर्यंतचं, पुढं फुलं काढलेलं, खिशाच्या जागी नुसती शिवण. खिसा नाही म्हणजे काय? बायकांना हात नसतात, का हातात ठेवायला काही नसतं? गौराबाईच्या कनवटीला एका वेळी चार रुमाल, खडू, पोरींच्या पडलेल्या पिना, लेमनच्या गोळ्या आणि कुणाची तरी एक चप्पल असायची.

पहिला कोट तपकिरी निघाला. तिनं अंगात घातला, पोरांना म्हणाली, "धरा." दोघांनी धरला. "वडा." दोघांनी ओढला तसा खांदा उसवल्याचा आवाज आला आणि दुकानवाली उठून उभी राहिली. दुसऱ्याला चेन होती. गौराबाईनं चेन वर-खाली करून बघितली आणि परत दिला. "पोराचा केस अडकतो ह्यात. गेल्या साली रेनकोटात अडकलावता, कात्रीनं काढाय लागला." तिसरा गुळगुळीत, मोनाच्या मुठीतनं सुटायला लागला. चौथा राखाडी. तो अंगात घालून ती दुकानाच्या बाहेर जाऊन पन्नास पावलांवर उभी राहिली आणि ओरडली, "विजू, दिसतोय काय मी?" विजयसिंह म्हणाला, दिसतोय. "धुक्यात दिसणार काय?" त्यावर पोरगं बुचकळ्यात पडलं, आणि गौराबाईनं राखाडी परत केला.

शेवटी दुकानवालीनं ढिगाच्या तळातनं एक लाल कोट ओढून काढला. जाड लोकरीचा, मापानं गड्याचा, गुडघ्याच्या खाली चार बोटं जाणारा. रुपयाएवढी बटणं, आणि खिसे असे की एकेकात डबा मावावा. दोन वर्षं पडून होता म्हणे. गडी म्हणायचे, लाल रंग बायकांचा. बायका म्हणायच्या, कोट गड्यांचा. गौराबाईनं घातला. पदर कमरेला घट्ट खोचून वरनं सगळी बटणं लावली. दोन्ही हात वर केले, खाली केले. तिला चक्क हसू आलं. पोरांना सांगायच्या आधीच दोघांनी दोन बाजूंनी कोट धरला होता, आणि मोना तर त्याच्यात तोंड घालून पुसून घेत होती.

"हाच," गौराबाई म्हणाली. दिवाळीची साडी तिनं त्या वर्षी घेतली नव्हती, ते पैसे असे कामाला आले.

सोमवारी सकाळी लाल कोट पेठेतनं निघाला आणि पेठेची झोप उडाली. चहाच्या टपरीवरचा एक जण ओरडला, "काय अव्वा, बँड पार्टीत लागला काय?" गौराबाई थांबलीसुद्धा नाही. "व्हय की, वरात घेऊनच चाललोय. नाचणार असशील तर ये मागनं." दुसऱ्यानं म्हटलं, अस्वल आलं. त्याला म्हणाली, "मग लांब ऱ्हा, चावंल." बायका बोलायच्या त्या तोंडावर नाही, पाठीमागं, नळाला. गड्यासारखा कोट घालती, शोभतं काय? आता गंमत बघा. कोल्हापूरची बाई अख्ख्या महाराष्ट्रात ओळखू येते ती 'मी जाते, मी येते' म्हणत नाही म्हणून. 'मी जातो, मी येतो' म्हणते, ठणकावून. म्हणजे बोलणं गड्यासारखं चालतं, कोट चालत नाही. अशा गावाला काय म्हणावं?

रुद्राप्पाला बाजारात लोकांनी छळलं. "तुमच्या घरात कोट कोण घालतंय रुद्राप्पा, आनि चोळी कोण?" तो सोशिक माणूस, पण घरी येऊन भडकला. "मला तोंड दाखवाय जागा ठेवली न्हाईस."

"तोंड झाकायचं असंल तर शाल पडलीया बगा तिथं. घ्या."

"गौरा, बास झालं. टाक तो कोट."

"बेड," ती म्हणाली. नको. आणि कानडीत नको म्हटलं की विषय संपला, हे रुद्राप्पाला लग्नाच्या पहिल्या वर्षापासनं ठाऊक होतं.

पंधरा दिवस झकास गेले. पोरं दोन्ही बाजूंनी कोटाला, सगळ्यात लहान हातात, आणि एक हात कायम मोकळा. गंगावेशीत म्हैस आली की गौराबाई तो मोकळा हात आडवा धरायची आणि म्हैस बाजूनं जायची. धुक्यात आधी लाल दिसायचं, मग पोरं दिसायची, आणि दुधवाले आपले हॉर्न न वाजवता थांबायचे.

मग मंडळाचे चिटणीस बाळासो यांच्या कानावर गेलं. बाळासो मनुष्य वाईट नव्हता, पण शिस्तीचा होता, आणि शिस्त म्हणजे इतरांनी पाळायची गोष्ट असा त्याचा समज होता. एका सकाळी तो बालवाडीच्या फाटकात उभा राहिला, स्वतः बंद गळ्याचा कोट घालून, मफलर गुंडाळून.

"गौराबाई, हे काय?"

"कोट."

"तुमाला गणवेशाची निळी साडी दिलीया मंडळानं. ती दिसली पायजे. हे काय गबाळं? पालक काय म्हणतील? बाईमाणसाला हे शोभत न्हाय."

"थंडी वाजती."

"शाल दिलीया की."

गौराबाईनं त्याला म्हशींची हकीकत सांगितली, सगळी, हात कुठं गेला त्यासकट. बाळासोनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे चूक तुमची. पोरं सांभाळता येत न्हाईत म्हणून कोट घालायचा, ही कुठली रीत?" बालवाडीच्या बाई, शालूबाई, दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं पटत होतं, पण त्या हजेरीची वही चाळत राहिल्या. "कोट घालून ह्या फाटकाच्या आत यायचं न्हाय," बाळासो म्हणाला. "कोट तरी, न्हाईतर नोकरी तरी."

"मग ठेवा तुमची नोकरी," गौराबाई म्हणाली, पोरं एकेक करून फाटकातनं आत सोडली, बावीस मोजली आणि घरी गेली.

घरी गेल्यावर मात्र रडली. चूक तुमची, हे तिला लागलं होतं. कारण ते खरंच होतं, आणि ते तिनं त्याच्या आधी स्वतःला सांगितलं होतं. चूक माहीत असून ती पुन्हा होऊ द्यायची, आणि का, तर निळी साडी दिसली पाहिजे! तिच्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला ती सवयीनं उठून दारात आली आणि कुठं जायचं नाही हे आठवून तशीच उभी राहिली. ते चार दिवस तिला आठ वर्षांहून लांब गेले. रुद्राप्पानं पहिल्या दिवशी बरं झालं म्हटलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "घर कसं सुनं सुनं वाटतंय, तू भांडत न्हाईस तर."

मंडळानं तिच्या जागी धोंडुबाईला घेतलं. ही मागच्या गल्लीतली, मुकी म्हणावी इतकी गरीब बाई. कधी कुणाला वर डोळा करून बोललेली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती गौराबाईच्या दारात आली आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"ये की आत."

"न्हाय, इथंच बरं हाय. गौराबाई, एक मागायचं हुतं. रागवू नगा."

"काय?"

"कोट."

गौराबाईचा पारा असा चढला की तिच्या तोंडातनं आधी कानडीच निघालं. मग मराठी. "माजी नोकरी घेतलीस, गप बसलो. आता कोट पन? साडी बी देऊ काय काढून? नवरा बी घेऊन जा, बसलाय आत!" आत रुद्राप्पा खोकला. धोंडुबाई हलली नाही. रडली पण नाही. खाली बघून म्हणाली, "आज मोना पडली."

गौराबाई थांबली. "कुटं?"

"गंगावेशीत. मोटार आली मागनं. गुडघा फुटलाय. लई न्हाय, पन फुटलाय."

"आनि तुजा हात कुटं गेलता?"

धोंडुबाईनं मान वर केली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गौराबाईनं तिचे डोळे नीट बघितले. "पदराला," ती म्हणाली. "अंगावरची चादर घसरली, आनि हात पदराला गेला. मी मुद्दाम न्हाय केलं वो. आपसूक गेला."

गौराबाई आत गेली. कोट खुंटीवर होता. तिनं तो काढला, झटकला आणि क्षणभर हातात धरून ठेवला. द्यायचा म्हणजे हरल्यासारखंच होतं. कोटासाठी नोकरी सोडली, आणि आता नोकरी एकीकडं, कोट दुसरीकडं, आपण मोकळे. पण कोट घेतला कशासाठी होता? आपल्या अंगाला ऊब म्हणून काय? तिनं बाहेर येऊन तो धोंडुबाईच्या अंगात चढवला, स्वतः बटणं लावली, बाह्या दुमडून दिल्या. "पदर आत कमरेला खोचायचा, घट्ट. लहान पोर उजवीकडं. डावा हात रिकामा ठेवायचा, कायबी झालं तरी. आनि बाळासोच्या म्होरनं घालून जायचा, चोरून न्हाय."

"ते काढाय लावतील."

"लावू दे. बगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गौराबाई अंगात नुसती मंडळाची निळी साडी आणि चोळी घालून निघाली. रुद्राप्पा आपला स्वेटर घेऊन मागनं आला. "हे तरी घाल, गारठशील."

"आज न्हाय घालायचं कायबी," ती म्हणाली आणि धुक्यात शिरली. लाल कोटाच्या मागं वीस पावलं ठेवून ती सगळी वाट चालली. तिचे दात वाजत होते. गंगावेशीत धोंडुबाईनं डावा हात आडवा धरला तेव्हा मात्र तिला बरं वाटलं.

बाळासो फाटकातच होता. लांबनं लाल रंग दिसला आणि त्यानं आवाज चढवला, "गौराबाई, तुमाला सांगितलं हुतं..." आणि जवळ आल्यावर बघतो तर आत धोंडुबाई.  मग म्हणाला, "काढा तो. आत्ताच्या आत्ता." धोंडुबाईचा हात वरच्या बटणाकडं गेला. पोरांनी कोट काही सोडला नाही. आठ-दहा मुठी तशाच आवळलेल्या.

"बटणाला हात लावू नगं," मागनं आवाज आला.

बाळासो वळला. "तुमी? तुमचा हितं काय संबंध? सांगितलंय न्हवं, कोट घालून..."

"कुटं घातलाय?" गौराबाईनं दोन्ही हात पसरून दाखवले. दंडावर काटा आलेला, ओठ निळे पडलेले. "बगा, निळी साडी दिसतीया. तुमचा हुकूम काय हुता? कोट घालून आत यायचं न्हाय. मी न्हाय घातला. सरका बाजूला."

मोना पडल्याचं कळून रांगेमागनं आलेले चार-दोन पालक थांबले होते. चिमणाबाई दारातलं काम टाकून विजयसिंहच्या मागं आली होती, तीही उभी राहिली.

"हिला काढा," गौराबाई म्हणाली. तिचा आवाज थंडीनं कापत होता, पण खाली येत नव्हता. "माज्यासारखी हिला पन काढा. उद्या तिसरी बाई आणा. तिचा हात पन पदराला जाणार, कारण तिला पन तिच्या आईनं तेच शिकवलंय. सगळ्या गावाच्या बायकांस्नी तेच शिकवलंय, तुमच्या घरातल्यांस्नी बी. मग ती तिसरी बाई माज्या दारात येणार कोट मागाय. आनि मी देणार. चौथीला देणार. बाया संपतील तुमच्या, बाळासो, मी द्यायची थांबणार न्हाय. पोरगं म्हशींत पडलं तवा माजा हात पदराला गेलता, त्याची लाज वाटती मला. कोटाची न्हाय वाटत."

चिमणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिनं पुसलं नाही.

मग शालूबाई दारातनं पुढं आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चिटणिसांच्या आधी तोंड उघडलं. "पोरं गारठलीत," त्या म्हणाल्या, आणि स्वतः फाटक पूर्ण उघडलं. "आणि साहेब, पोरं बावीस हाईत. मला दोन सेविका लागतात. लेखी देतो मी."

बाळासोनं मफलर सोडला, परत गुंडाळला. पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी आत चालली होती, कोट धरून, आणि धोंडुबाई मधोमध, मान खाली न घालता. तो बाजूला झाला. "ठीक हाय," म्हणाला. "दोघी ऱ्हावा. कोटाचं एवढ्या थंडीपुरतं चालवून घेतो."

"थंडी दरसाल येती," गौराबाई म्हणाली, आणि मोनाला कडेवर घेऊन त्याच्या शेजारनं आत गेली.